चौकटीच्या कडेला

मराठी ललितलेखनात रेडिओला मानाचे स्थान आहे. ग्रामोफोनला आहे, टेपरेकॉर्डरलाही थोडेफार आहे. व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर ओळीने तीन चित्रपट पाहिल्याच्या आठवणी तर ऐंशीच्या दशकात वाढलेल्या जवळपास प्रत्येकाने एकदा लिहून झाल्या आहेत. परंतु घरगुती डीव्हीडी रेकॉर्डर नावाचे जे यंत्र मध्यंतरी येऊन गेले, त्याच्याविषयी कोणी चार ओळी लिहिल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही. कारण उघड आहे. स्मृतिरंजनाला जेवढा अवधी लागतो तेवढा त्याला मिळालाच नाही. पायोनियरने असे पहिले यंत्र १९९९ साली जपानात विक्रीस आणले. आमच्यासारख्यांच्या आवाक्यातली यंत्रे दुकानात दिसू लागेपर्यंत २००६-०७ उजाडले. आणि पुढच्या सात-आठ वर्षांत ती दुकानांतून निघूनही गेली. व्हीसीआरने आपली जागा सोडली होती आणि इंटरनेटने ती अजून घेतली नव्हती, अशा मधल्या ओसरीवर हे यंत्र काही काळ टेकले होते, एवढेच.

आमच्या घरी ते २००७ साली आले. तेव्हा आम्ही दोघेही तासिका तत्त्वावर शिकवत होतो, तेव्हा 'बजेट' हा शब्द येथे अलंकारिक समजू नये. दहा हजारांच्या आतबाहेरची ती वस्तू घेताना आम्ही एकमेकांना जी कारणे दिली ती सर्व शैक्षणिक होती. 'सिंहासन' ही अरुण साधूंची कादंबरी आणि जब्बार पटेलांचा १९७९चा चित्रपट यांचा एकत्र अभ्यास घ्यायचा, तेंडुलकरांची पटकथा दोन कादंबऱ्यांची (दुसरी 'मुंबई दिनांक') एक संहिता कशी करते ते वर्गात दाखवायचे, तर चित्रपट हाताशी हवा. आणि असे चित्रपट सह्याद्री वाहिनीवर लागले तर लागले, नाहीतर वर्षभर वाट पाहा. युक्तिवाद बिनतोड होता. यंत्र घरी आल्यावर त्यावर पहिल्यांदा काय टिपले गेले, हा वेगळा भाग. घरातील ज्येष्ठांची दुपारची मालिका, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखले असेलच.

यंत्र दिसायला साध्या डीव्हीडी प्लेअरसारखेच होते, फक्त जरा जाड. मागे पिवळ्या, पांढऱ्या, तांबड्या पिनांची दोन झुबके: एक आत येणारे, एक बाहेर जाणारे. केबलची तार प्रथम त्याच्या पोटात जायची आणि तेथून टीव्हीकडे. पुढच्या अंगाला बारा सेंटिमीटर व्यासाची चकती गिळणारे तोंड. (आमच्या गल्लीत तिला शेवटपर्यंत सीडीच म्हणत आले, आम्हीही पुढे दुरुस्ती करणे सोडून दिले.) पन्नास कोऱ्या चकत्यांची चळत घेतली की एक पंधरा-वीस रुपयांना पडे. दरमहा ग्रंथखरेदीसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून या चळती येऊ लागल्या, आणि पुस्तकांच्या फडताळातला खालचा कप्पा त्यांनी पाहता पाहता बळकावला.

चकतीची धारणा ४.७ गिगाबाइट. त्यात किती वेळ बसवायचा हे वापरणाऱ्याने ठरवायचे: एक तास, दोन तास, चार तास किंवा सहा तास. एका तासाच्या प्रतीत चित्र जवळजवळ मूळच्याइतकेच सतेज राही. सहा तासांच्या प्रतीत मात्र माणूस नुसता वळला तरी त्याच्या चेहऱ्याचे चौकोनी ढलपे पडत आणि पावसाचे दृश्य आले की सगळी चौकट भिजलेल्या वर्तमानपत्रासारखी होई. प्रक्षेपण सुरू होण्यापूर्वीच हा निर्णय घ्यायचा असल्यामुळे आमच्यासारख्या समीक्षेच्या व्यवसायातील माणसांची मोठी पंचाईत होई. कलाकृती पाहण्यापूर्वीच तिचे मूल्यमापन करायचे! 'सामना' दोन तासांच्या प्रतीत, यावर दुमत नव्हते. नव्या लेखकाची मुलाखत चार तासांच्या. मालिका सहाच्या. या श्रेणीव्यवस्थेवर आमच्या घरात जितक्या चर्चा झाल्या तितक्या अभ्यासमंडळाच्या बैठकीतही झाल्या नसतील. आज मागे वळून पाहता एक मौजेची गोष्ट जाणवते. ज्यांना आम्ही दोन तासांचा मान दिला त्यांतील बहुतेक चित्रपट आता कोठेही, अधिक चांगल्या प्रतीत, पाहायला मिळतात. मिळत नाही ते सहा तासांत कोंबलेले: स्थानिक केबलवाल्याने दाखवलेली गल्लीतली व्याख्यानमाला, एकांकिका स्पर्धेचे पारितोषिक वितरण, आणि कोणा निवृत्त शिक्षकाने तुकारामावर केलेले, मधेच खोकल्याने तुटलेले निरूपण.

जाहिरातींचे एक वेगळेच शास्त्र होते. जाहिरात लागली की 'पॉज' दाबायचे, संपली की पुन्हा सोडायचे. म्हणजे चित्रपट टिपायचा तर कोणीतरी हातात रिमोट घेऊन अडीच-तीन तास जागे राहायला हवे. त्यामुळे आमच्याकडची प्रत्येक प्रत ही त्या रात्री कोण जागे होते याचीही नोंद आहे. एकाचा हात चपळ. त्याच्या प्रतीत सांधा कळतच नाही. दुसऱ्याला जाहिरातीतल्या गाण्यात रमायची सवय. त्याच्या प्रतीत प्रत्येक मध्यंतरानंतर चार-पाच सेकंद साबण किंवा बिस्किटे येतात. हस्तलिखितांच्या अभ्यासात लेखनिकाच्या लकबी ओळखण्याचे जे प्रशिक्षण आम्हांला एम.ए.ला मिळाले होते, त्याचा व्यवहारात उपयोग झाला तो हा. आणि खरे सांगायचे तर आता ती प्रत लावली की विद्यार्थी बघतात ते बिस्किटेच. पडद्याच्या तळाशी सरकणारी बातम्यांची पट्टी, कोपऱ्यातले वाहिनीचे जुने बोधचिन्ह, त्या दिवसाचे हवामान. संहितेपेक्षा तिच्या समासातले अधिक बोलके व्हावे, हे जुन्या पोथ्यांच्या बाबतीत आम्ही वर्गात नेहमी सांगत आलो आहोत.

यंत्राचा खरा वैरी मात्र जाहिरात नव्हे, भारनियमन. त्या वर्षांत मुंबई सोडून उर्वरित महाराष्ट्रात वीज किती तास जाईल याचे वेळापत्रक वर्तमानपत्रात छापून येई आणि वीज ते पाळतही नसे. टिपण चालू असताना वीज गेली की लेखणी वाक्याच्या मध्यावर मोडावी तसे होई. चकतीवर मजकूर असे, पण तो कोठून कोठपर्यंत आहे याची सूची लिहायची राहून गेलेली असे, आणि सूचीवाचून यंत्राला तो मजकूर दिसेच ना. शिवाय घड्याळ पुन्हा शून्यावर. १९ मे २००८ रोजी विजय तेंडुलकर गेले. त्या संध्याकाळी जे जे दाखवले गेले ते टिपून ठेवावे म्हणून आम्ही कोरी चकती घालून बसलो होतो. सातच्या सुमारास वीज गेली. परत आली तेव्हा यंत्राने चकतीकडे पाहून 'रिकामी' असा निर्वाळा दिला. ती आम्ही टाकलेली नाही. प्रकाशात धरली की आतल्या बाजूला बोटभर रुंदीचे गडद वलय स्पष्ट दिसते. त्यात काहीतरी लिहिलेले आहे.

एकदाच लिहिता येणाऱ्या आणि पुन्हापुन्हा पुसता येणाऱ्या अशा दोन जातींच्या चकत्या मिळत. आमच्या मनाने त्यांना लागलीच पाटी आणि ताम्रपट अशी नावे दिली. जे क्षणिक ते पाटीवर, जे राखायचे ते ताम्रपटावर. ताम्रपटाला आणखी एक विधी करावा लागे. टिपण पूर्ण झाले तरी ती चकती फक्त आपल्याच यंत्रावर चाले. दुसऱ्या कोणाच्या घरी चालायची तर 'फायनलाइझ' हा पर्याय निवडून पाच-सात मिनिटे थांबायचे. त्या वेळात यंत्र सूची पक्की करी, शेवटची खूण लिही आणि मग त्या चकतीवर पुन्हा काही म्हणून लिहिता येत नसे, अर्धी रिकामी असली तरी. लेखकाने मुद्रणप्रतीवर अखेरची सही करण्यासारखेच हे. हा पर्याय निवडला की यंत्र दोनदा विचारी, आपली खात्री आहे ना? वाङ्मयव्यवहारात हा प्रश्न एकदाही कोणी विचारत नाही, असा शेरा आमच्यापैकी एकाने तेव्हा मारला होता.

तर ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो मजकूर असा. राधानगरी तालुक्यातील आमच्या गावी १९९६ साली एका चुलतभावाचे लग्न झाले. तालुक्याच्या ठिकाणाहून व्हिडिओवाला बोलावला होता. हळदीच्या आदल्या दिवशी जात्याला हळकुंड बांधून पाच सवाष्णींनी दळण घालायचा विधी असतो, तोही त्याने टिपला. खुंट्याला पाच जणींचे हात. आणि गाणारी मात्र सहावी. ती आत्या. (आमच्यापैकी एकाची आत्या, दुसरीच्या तोंडी आत्याबाई.) आत्याला वैधव्य आलेले, तेव्हा तिचा हात खुंट्याला लागणार नव्हता. पण ओव्या तिच्याइतक्या पंचक्रोशीत कोणाला येत नव्हत्या, त्यामुळे तिच्यावाचून दळणही व्हायचे नव्हते. म्हणून ती जात्यापासून हातभर दूर, भिंतीला टेकून बसली आणि गायली. व्हिडिओवाल्याने अर्थातच सवाष्णींवर कॅमेरा लावला. चौकटीच्या उजव्या कडेला आत्याचा एक गुडघा, लुगड्याचा काठ आणि त्यावर ताल धरणारा हात एवढेच दिसते. आवाज मात्र सबंध तिचा आहे. अकरा मिनिटे चाळीस सेकंद. मग वाजंत्री आली आणि कॅमेरा दाराकडे वळला.

ही कॅसेट गावी कपाटात होती. राधानगरीचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना कपाटातल्या वस्तूंचे काय होते ते सांगायला नको. २००८ साली आम्ही ती आणली तेव्हा तिच्या रिळाच्या कडेला बुरशीची पांढरी नक्षी उमटली होती. ओळखीच्या एका मेकॅनिकने ती उघडून, पुसून, वाळवून दिली. जुन्या व्हीसीआरची पिवळी-पांढरी-तांबडी तार नव्या यंत्राला जोडली, ताम्रपट आत घातला, एका तासाची प्रत निवडली (यावर चर्चा झाली नाही), आणि कळ दाबली. काही क्षण हळदीचे सूप, परात, जाते दिसले. मग चित्र थांबले आणि पडद्यावर इंग्रजीत सूचना आली की हा मजकूर संरक्षित असून त्याची नक्कल करण्यास मनाई आहे.

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. जात्यावरची ओवी संरक्षित!

तांत्रिक कारण पुढे कळले आणि ते ऐकण्यासारखे आहे. टीव्हीच्या चित्रसंकेतात प्रत्येक चौकटीच्या आधी काही रिकाम्या ओळी असतात. त्या पडद्यावर दिसत नाहीत. तेथे यंत्राला सावरून घ्यायला उसंत मिळावी म्हणून त्या ठेवलेल्या. विकाऊ कॅसेटांची नक्कल होऊ नये म्हणून चित्रपटांचे व्यापारी याच रिकाम्या ओळींत खोटे, भडक स्पंद घालून ठेवत. मॅक्रोव्हिजन म्हणून ही पद्धत प्रसिद्ध होती. नवी यंत्रे त्या स्पंदांचा सुगावा लागताच टिपण थांबवीत. आता आमच्या कॅसेटमध्ये तसे काही असणे शक्यच नव्हते. परंतु झिजलेल्या, बुरशी लागलेल्या फितीत त्या ओळी स्थिर राहत नाहीत, तेथे कल्लोळ माजतो. आणि यंत्राला तो कल्लोळ आणि ती खूण यांतला फरक कळत नाही. जीर्णतेलाच ते मालकी समजले.

यावर आम्ही तेव्हा पुष्कळ बोललो. ओवीचे वैशिष्ट्यच हे की तिला कर्ती नसते. असली तरी ती स्वतःहून मागे सरते आणि पुढची बाई तिच्यात आपला भाऊ, आपली लेक, आपले गाव घालते. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याचे खंड काढले, हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या (त्या २०१७पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर येऊ लागल्या). यांपैकी कोणालाही ओवीने 'मनाई आहे' असे म्हटले नव्हते. उलट, नक्कल हाच तिचा श्वास. आमच्या वाङ्मयाचा निम्मा इतिहास नक्कलकारांचा आहे. परंपरा सांगते की लीळाचरित्राची मूळ पोथी स्वारीच्या धामधुमीत गेली आणि महानुभावांनी ती पुन्हा आठवणीतून उभी केली. म्हणून तर तिचे इतके पाठ. ज्ञानेश्वरीत नकलेनकलेगणिक शिरलेले अपपाठ एकनाथांनी १५८४ साली निवडून काढले ते पुढच्यांनी शुद्ध नक्कल करावी म्हणूनच. असो. एकनाथांपुढे मॅक्रोव्हिजनचा प्रश्न नव्हता.

शेवटी मेकॅनिकनेच तोड काढली. त्याच्याकडे दुसरा एक व्हीसीआर होता, दांडगा आणि जुना, ज्याची ट्रॅकिंगची चावी हाताने फिरवता येई. ती केसभर इकडे, केसभर तिकडे करीत त्याने चित्र स्थिर केले आणि ती बोटांत धरून तो अकरा मिनिटे चाळीस सेकंद हललाच नाही. वीज गेली नाही. यंत्राने सूची लिहिली, दोनदा विचारले, आम्ही दोनदा होकार दिला. मग त्या चकतीच्या आणखी दोन नकला केल्या. एक घरी, एक महाविद्यालयाच्या मराठी विभागात, आणि एक आत्याकडे.

आत्याला ती दाखवण्यासाठी आम्ही यंत्रच उचलून गावी नेले. तिने पदर सावरून, देवळात बसावे तसे मांडी घालून सगळे पाहिले. पाच सवाष्णींपैकी दोघी तोवर गेल्या होत्या. त्यांना तिने नावाने हाक मारली. संपल्यावर म्हणाली, "आणि मी कुठं हाय रं?"

"ही काय आत्या, ही. हा गुडघा, हा हात."

"गुडघा दावायला बोलीवलंतं व्हय त्याला?" ती हसली. मग थोड्या वेळाने, "अन् येवढंच? त्या दिशी लई म्हटल्या हुत्या." आणि यंत्र बंद झालेले असताना, चहा होईपर्यंत, ती जे यंत्रात नव्हते ते म्हणत राहिली. आम्ही वहीत उतरून घेण्याचा प्रयत्न केला. तिच्या वेगाला वही पुरली नाही, आणि "थांब जरा" म्हटले की सूर मोडे आणि शब्दही बदलत. म्हणजे जी ओवी आम्ही अर्धी लिहिली होती तिचा उरलेला अर्धा भाग दुसऱ्याच ओवीचा येई. तिला त्यात काही वावगे वाटत नव्हते.

ध्वनिचित्रमुद्रणातील एका ओवीबद्दल आमचा वाद त्याच सुमारास सुरू झाला. ओवी लेकीला उद्देशून आहे. सासरी निघालेल्या मुलीचे नाव तिच्यात यायला हवे. नेमके त्या नावाच्या वेळी परातीचा आवाज येतो. एकाला तेथे नवरीचे नाव ऐकू येते. दुसरीला ठामपणे वाटते की ते आत्याच्या स्वतःच्या, नवव्या वर्षी गेलेल्या मुलीचे नाव आहे. दोन्ही नावे तीन अक्षरी, दोन्हींचा शेवट आकारान्त. पहिले नाव असेल तर ती विधीला साजेशी, रीतीची ओवी. दुसरे असेल तर भरल्या लग्नघरात, भिंतीला टेकून, कोणाच्या ध्यानात येणार नाही अशा बेताने एक बाई भलतेच काही बोलून गेली आहे. अर्थनिर्णयाचा एवढा मोठा प्रश्न एका अक्षरावर टांगलेला आम्ही पाठ्यपुस्तकांतही फारसा पाहिला नाही.

आम्ही आत्याला विचारले. सरळ विचारणे अवघड होते, म्हणून ती ओवी पुन्हा म्हणायला सांगितली. तिने म्हटली. नावाच्या जागी तिने आमच्यातल्या सूनबाईचे नाव घातले.

२०११ साली आत्या गेली.

पुढचे यंत्राचे चरित्र थोडक्यात सांगता येईल. केबलचे डिजिटायझेशन २०१२पासून टप्प्याटप्प्याने झाले, घरोघर सेटटॉप बॉक्स आले आणि रेकॉर्डरच्या पोटातला वाहिन्या धरणारा भाग निरुपयोगी झाला. काही टिपायचे तर बॉक्स त्या वाहिनीवर लावून ठेवायचा, रेकॉर्डर वेगळा लावायचा, आणि मधे घरातल्या कोणीही वाहिनी बदलायची नाही. हे कोणत्या घरात शक्य आहे? यूट्यूबवर एकेक गोष्ट येऊ लागली. २०१६ साली जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआरचे उत्पादन थांबवले तेव्हा जगभर बातम्या झाल्या, अखेरचा व्हीसीआर म्हणून लेख आले. डीव्हीडी रेकॉर्डरच्या नशिबी मृत्युलेखही नव्हता. आमच्या यंत्राचे तोंड आता कळ दाबल्याने उघडत नाही; पट्टीचे टोक आत घालून ओढावे लागते. पण ओढले की ते चालते.

ताम्रपटांनीच दगा दिला. एकदाच लिहिता येणाऱ्या चकतीत रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. लेसरच्या उष्णतेने त्यावर डाग पडतात आणि ते डाग म्हणजेच मजकूर. उन्हाने, दमटपणाने, नुसत्या वर्षांनीही तो रंग विटतो. पुसता येणाऱ्या चकतीत त्या जागी धातूंचे मिश्रण असते, आणि आमच्या खालच्या कप्प्यातल्या पाट्या अजून निमूटपणे वाचल्या जातात: त्यांवर बहुधा मालिकांचे भाग आहेत. घरातली आत्याची प्रत २०१९ साली सातव्या मिनिटाला अडकली. चित्राचे चौकोन झाले, आवाज तुटला, आणि पुढे यंत्राने प्रयत्न सोडला. गावची प्रत आत्याच्या मागे घरातल्या इतर चकत्यांबरोबर शेतात गेली. भुईमुगावर पाखरे बसू नयेत म्हणून चकत्या दोऱ्याला बांधून टांगतात, त्या उन्हात चमकतात आणि वाऱ्याने फिरतात. आम्ही पाहिली तेव्हा तिचा जांभळा रंग जवळजवळ पाण्यासारखा झाला होता. कोणावर राग धरावा असे त्यात काही नव्हते. ती फिरत होती आणि पाखरे खरोखरच बसत नव्हती.

राहिली विभागातली. ती लोखंडी कपाटात, प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली, अंधारात आणि कोरड्या जागी असल्यामुळे शाबूत होती. २०१३ साली पदव्युत्तर वर्गाला लोकसाहित्याच्या संहितालेखनाचा सराव देण्यासाठी आम्ही ती पहिल्यांदा संगणकावर लावली होती, आणि त्या वेळी जे घडले ते सांगून हा लेख आवरता घेतो.

जुने, फुगीर काचेचे टीव्ही चित्राच्या चारही कडा थोड्या कापून दाखवत. चित्रनळी तशीच बसवलेली असे. कडेची ओबडधोबड बाजू प्रेक्षकाला दिसू नये हा हेतू. संगणक असे काही कापत नाही. चकतीवर जेवढी चौकट आहे तेवढी सगळी तो मांडतो. त्यामुळे वर्गातल्या पडद्यावर खाली एक थरथरती, फाटकी पट्टी दिसू लागली, जी व्हीएचएसच्या चित्राच्या तळाशी नेहमीच असते आणि टीव्हीवर कधी दिसत नाही. आणि उजवीकडे, गुडघ्याच्या आणि हाताच्या वर, अंगठ्याएवढ्या रुंदीच्या पट्ट्यात आत्याचा चेहरा होता. अर्धा नाही, कपाळापासून हनुवटीपर्यंत, एका बाजूने, डोळे मिटलेले. व्हिडिओवाल्याने तिला वगळले नव्हते. अगदी काठावर का होईना, तिला आत घेतले होते. पंधरा वर्षे तिला कापत आला होता तो आमचा टीव्ही.

त्या दिवशी तास पुरा झाला नाही. पण नंतर, विभागात दोघेच असताना, आम्ही ती ओवी लावली. चेहरा दिसतो म्हणजे ओठ दिसणार. परातीचा आवाज आला तरी ओठ खोटे बोलणार नाहीत. चौकट एकेक करून पुढे सरकवली. एका सेकंदात पंचवीस चौकटी, नाव उच्चारायला लागतो जेमतेम अर्धा सेकंद, म्हणजे बारा-तेरा चित्रे. पहिल्या अक्षराला ओठ मिटतात की नाही, एवढेच पाहायचे होते. नवरीचे नाव ओष्ठ्य वर्णाने सुरू होते, आत्याच्या लेकीचे होत नाही.

तिसऱ्या चित्रात ओठ मिटलेले दिसतात. परंतु त्याच्या आधीच्या चरणाचा शेवटही 'म'ने होतो. मिटलेले ओठ त्या 'म'चे की पुढच्या नावाचे, हे ठरवायला आवाज हवा, आणि आवाजावर परात आहे.

आता प्रत संगणकात आहे, आणखी दोन ठिकाणी जपून ठेवली आहे. दर वर्षी संहितालेखनाच्या तासाला आम्ही ती विद्यार्थ्यांना देतो; वाद आधी सांगत नाही. वर्ग दरवेळी दुभंगतो, आणि दोनएक जण असे निघतात ज्यांना तिसरेच काही ऐकू येते. विभागाच्या वहीत त्या ओवीत नावाच्या जागी तीन टिंबे आहेत.